चुकीच्या बुधवारची जत्रा

आमच्या सरांकडे कुणीही आलं की त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या यायचा, मग खुर्ची, मग पंखा, मग गार कोकम सरबत, आणि हे सगळं झाल्यावर सर विचारायचे, "बरां, तुमी कोण?" वरच्या माळ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघालेला, गाल सुजलेला एक गृहस्थ एकदा चुकून आमच्या दारात थबकला. बिचाऱ्याला तोंड उघडून नाही म्हणता येईना. सरबताचा पहिला घोट दाढेला लागल्यावर त्याने जी किंकाळी फोडली, ती ऐकून डॉक्टर स्वतःच जिना उतरून खाली आले. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "पेशंट हयच गावलो ना तुमका? मगे?" एवढंच म्हणाले.

मालवणच्या बाजारात मासळी मार्केटकडे वळणाऱ्या रस्त्यावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याआधी त्याच रस्त्यावर माझा टायपिंग क्लास होता. कॉम्प्युटर आले आणि माझ्या टाइपरायटरांवर मांजरं झोपायला लागली. मग ज्या माणसाने माझा धंदा बुडवला त्याच्याकडेच मी नोकरी धरली. झपाझप मराठी टाइप करणारी दुसरी कुणी त्यांना मिळेना, आणि घरी बसून आईच्या तोंडून माझ्या लग्नासाठी मागितलेल्या प्रार्थना ऐकायची मला हौस नव्हती. सर मला टीचर म्हणत. सकाळी पोरांना माऊस कसा धरायचा ते शिकवायचं आणि उरलेला दिवस कुणीही न मागितलेली वेब पानं बनवत बसायचं, हा त्यांचा दिनक्रम.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. इंटरनेट फोनच्या लाइनवरून यायचं, म्हणजे येतो येतो म्हणायचं. पान मागवलं की पडदा पांढराफटक, मध्ये वाळूचं घड्याळ, आणि माणूस गालाला हात लावून बसलेला. हे दिसलं की सरांचं डोकं फिरायचं. "माणसाक दारात उभो करून हे आत सैपाक करीत रवतत! अपमान आसा हो टीचर, अपमान!" मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरने अख्खं पान तयार होईपर्यंत थांबायचंच नाही. डोकं तयार झालं, डोकं पाठव. नाव तयार झालं, नाव पाठव. जे अजून तयार नाही त्याच्या जागी एक चौकट, आणि चौकटीत सरांचं ब्रीद, 'थांबा, येता हा'. खरा मजकूर आला की ती ओळ आपोआप पुसली जायची आणि मजकूर तिथे जाऊन बसायचा. एवढ्यावरही भागत नव्हतं. सगळं आल्यावर लाइन तोडायची नाही, पान उघडंच ठेवायचं, आणि नवीन काही घडलं की वाचणाऱ्याने बोटही न उचलता ते त्याच्या पानात उतरलं पाहिजे. आज मोठमोठ्या कंपन्या हेच करून टाळ्या घेतात म्हणे. आमच्या क्लासात टाळ्या वाजायच्या त्या डास मारताना.

मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "सर, एकदा पाठवलेलं परत घेता येतं का?"

"परत कित्याक घेवचा?"

"चुकलं तर?"

"चुकाचा म्हणान थांबलास तर जल्मात काय्येक पाठवूक जमाचा नाय."

झालं! मिटला प्रश्न. प्रश्न मिटला असं सरांना वाटलं की ते उठून जायचे, आणि उठून जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं बोलणंही पानासारखंच, तुकड्यातुकड्याने. वाक्याचं पहिलं टोक क्लासात, मधलं जिन्यात आणि क्रियापद मासळी मार्केटात. "टीचर, उद्या सकाळी..." म्हणून गेले की मी संध्याकाळी आठला घरी फोन घ्यायचा, "...येव नका, लाइट नाय." जेवायला बसले की भात झाला की भात, आमटी नंतर. वहिनी म्हणजे त्यांची बायको, साक्षात वसुंधरा. ती मला म्हणायची, "गो बाय, माशाची आमटी उकळासर हे हात धुवन मोकळे होतत. पंधरा वर्सां ह्या माणसान माझी आमटी भातावर घेवक नाय, नुसती मागसून पितत."

तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने सरांकडून पान करून घेण्याचा मूर्खपणा केला. त्याला पान उघडताच हलणारे माड आणि समुद्र पाहिजे होता. सरांनी सगळ्यात वर फोन नंबर टाकला. "आधी फोटो व्हयो!" लॉजवाला ओरडला. "आधी फोन. फोटो येत रवतले," सर म्हणाले. फोटो येईपर्यंत गिऱ्हाईक फोन करून खोली घ्यायचं, आणि फोटो आला की फोन करून सोडायचं. त्यात सरांनी पानाच्या डोक्यावर एक वाक्य घातलं होतं, 'या, खोल्या रिकाम्या आहेत.' खरोखर रिकाम्या आहेत का, ते सर्व्हर मागाहून बघायचा आणि नसतील तर ती ओळ पुसून दुसरी घालायचा. मधेच लाइन तुटली की पहिली ओळ तशीच राहायची. मे महिन्यात कोल्हापूरहून एक कुटुंब सासूबाई आणि प्रेशर कुकर घेऊन दारात उभं राहिलं, आणि लॉजवाल्याला बायकोमुलांसह स्वतःची खोली सोडून व्हरांड्यात झोपावं लागलं. त्याच्या बायकोने सरांना भर बाजारात गाठून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सर शांतपणे म्हणाले, "पण पान किती बेगीन इला, ता बघलास?"

असा हा माणूस. आता ह्याच्या नादी जगन्माता कशी लागली ते सांगते.

एका डिसेंबरात कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर तारकर्ली बघून परत चाललेली एक मुलगी क्लासात आली. पाणी, खुर्ची, पंखा, सरबत. "बरां, तुमी कोण?" ती म्हणाली, "काका, ओळखलं नाहीत?" ती सरांच्या थोरल्या भावाची मुलगी होती. सरांनी तिला फ्रॉकात पाहिलं होतं ते शेवटचं. ती गोड हसून म्हणाली, "बाबा म्हणतात, जत्रेची तारीख वेळेत कळतच नाही. कळेपर्यंत गाड्या फुल होतात. नाहीतर आले असते." आणि मैत्रिणींची गाडी हॉर्न वाजवत होती म्हणून निघून गेली. सर रिकामा ग्लास हातात धरून बसून राहिले.

सरांचं गाव मालवण आणि कुणकेश्वर यांच्या मधल्या किनाऱ्यावर. तिथल्या देवीची जत्रा कॅलेंडरात नसते. देवीला कौल लावतात आणि ती सांगेल त्या दिवशी जत्रा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, एक दिवस सुचवून गाऱ्हाणं घालतो, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर दुसरा दिवस विचारायचा. तारीख ठरते ती जेमतेम पंधरा दिवस आधी, आणि मुंबईच्या चाकरमान्यांची रजा आणि तिकिटं यांच्यासाठी पळापळ सुरू होते. तरी तारीख कळत नाही ही सबब शुद्ध बनवाबनवी होती. मी म्हटलं, "सर, मुंबईत फोन नाहीत काय?"

"आमी बोलत नाय," सर म्हणाले.

बाकीचं वहिनीने सांगितलं. देवीपुढे पहिला नारळ ठेवायचा मान त्यांच्या घराण्याचा. वडील गेले त्या वर्षी थोरला भाऊ मुंबईहून येऊ शकला नाही, म्हणून गावाने नारळ धाकट्याच्या, म्हणजे सरांच्या हातात दिला. पुढल्या वर्षी थोरला आला, हात पुढे करून उभा राहिला, आणि मानकऱ्यांनी अख्ख्या भावकीसमोर नारळ पुन्हा सरांनाच दिला. गावात राहतो त्याचा मान, म्हणे. थोरला तसाच वळला, घरी जेवलाही नाही, रात्रीची गाडी पकडून गेला तो गेलाच. अहो, एका नारळापायी दोन सख्खे भाऊ! आमच्यात काजूच्या एका झाडावरून मावश्या बोलत नाहीत, तेव्हा मी जास्त बोलू नये हेच बरं.

"तुम्ही तेव्हाच का नाही म्हणालात, दादाला द्या म्हणून?" मी सरांना विचारलं.

सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "म्हणाचा होता. कसा म्हणाचा ता जुळवित होतंय मनात. मानकऱ्यांक राग येव नये, दादाक बरा वाटाक व्हया, असा पुरा वाक्य. पुरा वाक्य जुळासर दादा वाडीच्या बाहेर गेलो." आणि मग कळ दाबून म्हणाले, "हां, टीचर, तर आपण कौलाचा पान करूया."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतका वेळ मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणून हसत होते, तो ह्या माणसाला एका वाक्याचा उशीर महागात पडला म्हणून जडलेला होता. पण हे लक्षात आल्यावरही त्यांचा राग यायचा तो येतच राहिला.

बेत असा: देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की मी ते ऐकत टाइप करायचं, आणि मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याच्या पडद्यावर ते त्याच क्षणी उमटायचं. दादाला सबब म्हणून उरायलाच नको. मी म्हटलं, "सर, कौल पडू दे, मग एकच ओळ टाकू. जत्रा अमुक दिवशी. संपलं."

"आणि तवसर लोकांनी पांढरो पडदो बघीत बसाचा? टीचर, आख्खा गाऱ्हाणा संपासर लोक गप रवतत काय? एका ओळीक एक 'व्हय म्हाराजा' म्हणतत ना? मगे! ओळ झाली की एंटर मारा."

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष सरांचे चुलतभाऊ, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि ते कधीही न विसरलेले. त्यांनी विचारलं, "म्हणजे देवीचा कौल आता अमेरिकेतून येणार?" सर म्हणाले, "कौल हयच पडतलो. फक्त मुंबयक अमेरिकेतसून जातलो." कमिटीतल्या एकाने माझ्याकडे बघत कुरकुर केली की ख्रिस्तांव बाईने गाऱ्हाणं टाइप करायचं म्हणजे... तर म्हातारा गुरवच त्याच्यावर खेकसला, "गप रव! तिची आवस दरवर्साक देवीक नारळ धाडता, माझ्या हातात देता." ही बातमी मलाही नवीन होती. आईने त्याही प्रार्थनेत माझं लग्नच मागितलं असणार.

कौलाच्या दिवशी मोबाइलला रेंज फक्त दीपमाळेच्या पायऱ्यांवर मिळाली. मोबाइलची वायर लॅपटॉपला, लॅपटॉप माझ्या मांडीवर, आणि सर देवळाच्या दारात उभे राहून मला खुणा करतायत. पानाचा पत्ता सरांनी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाला आधीच कळवला होता; तिथे पानं उघडली गेली. गुरवाने सुरुवात केली, "बा देवी म्हाराजा..." मागून गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" मी एंटर मारला. आमच्या गुरवाचं गाऱ्हाणं लांबलचक. बारा गावांच्या देवांना हाका, वाटेवरच्या राखणदाराला हाक, वेशीवरच्या मारुतीला हाक. मी टाइप करतेय, एंटर मारतेय, आणि ओळी मुंबईत उमटतायत. मग गुरव म्हणाला, "तुझी जत्रा संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या बुधवारी भरवची..." "व्हय म्हाराजा!" एंटर. "...असा आमच्या मनात आसा, तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी." मी हे टाइप केलं आणि पाठवलं, पण ते गेलंच नाही.

सर्व्हरवाल्यांचा एक नियम होता. कुठलंही पान ठरावीक वेळेपेक्षा जास्त उघडं राहिलं की ते तोडायचं. सरांना हा नियम माहीत नव्हता, कारण नियमांचं पान त्यांनी पहिली ओळ येताच वाचलं होतं आणि पुढच्या ओळी येईपर्यंत उठून गेले होते. मुंबईत पान बुधवारवर थांबलं, आणि खाली ब्राउझर निर्लज्जपणे म्हणाला, 'डन', म्हणजे काम झालं. पान तुटलं असं कुणालाच वाटलं नाही. लोकांनी कॉम्प्युटर बंद केले आणि तिकिटाच्या रांगेत पळाले. इकडे देवीने बुधवारला डावा कौल दिला, आणि मग पुढच्या रविवारला उजवा.

तासाभरात आमच्या लक्षात आलं. सरांनी पान दुरुस्त केलं, रविवार लाल अक्षरात टाकला. पण 'डन' म्हटलेलं पान पुन्हा कोण उघडतो? अध्यक्षांनी सरांना देवळाच्या आवारात उभं करून शाळेतल्या पोरासारखं झापलं. "गाढवा, प्रश्न पाठवलास, उत्तर नाही पाठवलंस!" सर पहिल्यांदाच 'पण पान किती बेगीन' म्हणाले नाहीत. परत येताना स्कूटरवर एकच वाक्य बोलले, आणि तेही पूर्ण. "दादान बघला आसतला तर आता तो कायमचो तुटलो."

बुधवारी सकाळी गुरवाचा फोन आला. आम्ही गेलो तर देवळासमोर मुंबईची एक बस आणि दोन सुमो उभ्या. मालवणी खाज्याची दुकानं नाहीत, पताका नाहीत, लाउडस्पीकर नाही. बॅगा घेऊन माणसं उभी होती आणि एकमेकांकडे चोरून बघत होती. मला आधी कळेना की एवढेच का चुकले. मग गुरवच हळूच म्हणाला, "बघलंस गो बाय, कोण कोण इलेहत ते?" ज्यांचं गावाशी बोलणं होतं त्यांना खरी तारीख दुसऱ्याच दिवशी घरच्यांच्या फोनवरून कळली होती. चुकीच्या बुधवारी आले ते सगळे गावाशी बोलणं तोडलेले. एक विहिरीवरून तुटलेला, एक आंब्याच्या कलमावरून, एक बहिणीच्या लग्नात पान मांडलं नाही म्हणून. गावाने ओवाळून टाकलेली आणि गावाला ओवाळून टाकणारी अशी सगळी रत्नं सरांच्या एका पानाने अंगणात आणून सोडली होती.

आणि बसच्या सावलीत एक उंच, टक्कल पडलेला माणूस पिशवी धरून उभा होता. नाक सरांचंच.

"तारीख चुकली तुझी," तो म्हणाला.

"व्हय, दादा."

"तुझ्याकडे येवन गेला ता माझा चेडू म्हणाला, काकाचा पान आसा, खोटा आसाचा नाय. म्हणान रजा काढलंय."

"चुकला."

मी मनात म्हटलं, आता हा वळतोय आणि बसमध्ये बसतोय. देवा सायबा! सर, बोला काहीतरी! दादाच रिकाम्या आवाराकडे बघत म्हणाला, "भावकीतला कोण नाय मां हय?"

"कोण नाय. आयतवारी येतले."

"बरा झाला," दादा म्हणाला.

गुरवाने किल्ली आणली. एवढी माणसं आलीयेत तर एक गाऱ्हाणं घालू म्हणाला. गाभाऱ्याशी सगळे उभे राहिले आणि त्याने सवयीने विचारलं, "नारळ पयलो कोणा..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सरांनी आपल्या हातातला नारळ दादाच्या हातात कोंबला. इतक्या जोरात, की दादाचा तोल गेला. दादाने नारळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पुढे होऊन तो देवीसमोर ठेवला. मी ख्रिस्तांव बाई खांबाला धरून ढसाढसा रडले, आणि विहिरीवाल्याने मला रुमाल दिला.

दादा दोन दिवस राहिला. वहिनी सांगत होती की दोघेही आमटी व्हायच्या आधी हात धुतात, वळणच आहे त्यांचं. रविवारच्या खऱ्या जत्रेला मात्र तो थांबला नाही. शुक्रवारीच गेला. पहिला नारळ भावकीसमोर सरांनाच ठेवावा लागला.

कमिटीने पान सरांकडून काढून मुंबईच्या एका कंपनीला दिलं. पुढल्या वर्षी कंपनीच्या पानावर आधी घंटा हलली, मग सनई वाजली, मग देवीचा फोटो उलगडला, आणि सगळं पूर्ण झाल्यावर अध्यक्षांच्या सहीनिशी तारीख आली. शुक्रवार. बरोबर, ठळक, शंका घ्यायला जागा नाही. गावात सगळे खूश. सर दोन दिवस क्लासात येरझाऱ्या घालत होते. कुणी आलं तरी पाणी नाही, खुर्ची नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि नंबर फिरवला.

"दादा? मी. जत्रा सोमवारी आसा." आणि फोन ठेवून दिला.

"सर!" मी जवळजवळ किंचाळलेच. "जत्रा शुक्रवारी! त्यांनी कंपनीचं पान बघितलं असणार!"

"बघला आसतला," सर म्हणाले आणि पोरांना माऊस शिकवायला गेले.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर कणकवली स्टेशनवर गेले. खरं तर दादा येत नाही हे बघायलाच गेले होते. शुक्रवारला अजून चार दिवस होते, भावकी देवळात जमायची होती, आणि गाडी जवळजवळ रिकामी होती. शेवटच्या डब्यातून दादा उतरला, मागोमाग ती पुतणी उतरली.

"मुंबयत सगळे शुक्रवार म्हणतत," दादा म्हणाला.

"म्हणांदेत," सर म्हणाले आणि त्यांनी दादाची बॅग उचलली.